गाठ दिसली तर दूध नाही

सगळी नोकरी मी दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला. जे काम मी घरी फुकट करते त्याचाच पगार मिळवला, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत. कंपनीत माझं टोपणनाव 'लाल पेन' होतं. मी जिना चढायला लागले की वरची पोरं आपापले कागद उलटे ठेवायची, आणि खरं सांगते, मला त्याची भारी मजा वाटायची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या शेडमध्ये आमची छोटी कंपनी होती. दूध तापवणाऱ्या प्लँटना लागणाऱ्या कंट्रोल पेट्या आम्ही बनवायचो. अशा प्लँटला पंधरा-वीस व्हॉल्व्ह असतात. कच्चं दूध आत घेणारा एक, तापलेलं दूध पुढं सोडणारा एक, नीट तापलं नसेल तर मागं वळवणारा एक. आणि काम झालं की नळ्या कॉस्टिक सोड्यानं धुवाव्या लागतात, तर तो सोडा आत सोडणारा आणखी एक. कुठला कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा हे आमची पेटी ठरवायची. पेटीत खडूच्या तुकड्याएवढी काळी चिप असायची, आणि चिपमध्ये आम्ही लिहिलेला प्रोग्रॅम.

आमचे मालक देशमाने साहेब. त्यांची हौस अशी की प्रोग्रॅमची भाषासुद्धा घरचीच पाहिजे. अक्षरं रोमन, पण शब्द 'उघड', 'बंद', 'जर', 'तर', 'थांब'. प्लँटवरच्या माणसाला वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पण चिपला काही मराठी कळत नाही. आपण लिहिलेलं तिच्या भाषेत उतरवून देणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला कंपायलर म्हणतात. तो लिहिला होता विनायकनं. पुण्याहून आलेला, पंचवीस-सव्वीसचा, अंगानं काटकुळा आणि डोक्यानं तल्लख. बोलायला लागला की समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही.

हा कंपायलर उतरवायला घेण्याआधी एक पायरी करायचा. तिला आम्ही 'वाट चालणं' म्हणायचो. प्रोग्रॅम ज्या ज्या वाटेनं जाऊ शकतो त्या सगळ्या वाटा तो चालून बघायचा. मधेच लाइट गेली तर? दूध संपलं तर? कुणी लाल बटण दाबलं तर? आणि प्रत्येक वाटेवर प्रत्येक व्हॉल्व्हला कुणीतरी 'उघड' किंवा 'बंद' सांगितलंय ना, हे तपासायचा. नसेल सांगितलं तर काम थांबवून प्रिंटरवर ओळ छापायचा. गुणी पायरी होती, पण गोगलगाय. त्या काळच्या कॉम्प्युटरवर तिला बावीस मिनिटं लागायची. एक अक्षर बदला नाहीतर शंभर ओळी, बावीस मिनिटं ठरलेली.

माझं काम या सगळ्याच्या आधीचं. कुणीही प्रोग्रॅममध्ये बदल केला की तो दोन्ही बाजूंना भोकं असलेल्या कागदावर छापायचा आणि माझ्यासमोर बसायचं. आमच्याकडची पद्धत अशी, की तपासणाऱ्यानं बदल मोठ्यानं वाचायचा आणि करणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. मी वाचताना अडखळले तर चूक लिहिणाऱ्याची. समजावून सांगायची मुभा नाही, कारण पुढं प्लँटवर समजावून सांगायला कोण जाणार? विनायकला ही सगळ्यात मोठी शिक्षा वाटायची. हाताची घडी घालून ओठ चावत बसायचा.

आता हे लफडं कशावरून सुरू झालं ते सांगते. सोमेश्वरनगरकडच्या एका डेअरीचे चेअरमन होते, भाऊसाहेब. पेटी सुरू केली की छोट्या पडद्यावर 'राम राम' उमटायचं. भाऊसाहेब म्हणाले, "नुसतं राम राम काय, राम राम मंडळी पायजे. आमी एकटं हाय का हितं?" विनायक कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून जीपमधून घेऊन गेलेला. त्यानं एक शब्द वाढवला आणि बावीस मिनिटं सुरू झाली. भाऊसाहेबांनी चहा पाजला. परत पाजला. मग म्हणाले, "इंजिनेरसाहेब, येक शबूद ल्ह्यायला इतका येळ? आमचा तलाठी बी यवढा येळ घेत न्हाय." बरोबरची सगळी हसली. विनायक कानापर्यंत लाल झाला, आणि परत आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर कागदांची चळत आणून ठेवली.

बदल एका वाक्यात सांगण्यासारखा होता. वाट चालणं ऐच्छिक करायचं. पाहिजे तर करा, नको तर एक खूण द्या, कंपायलर ती पायरी गाळून पुढं जाईल. बावीस मिनिटांचं काम दोन मिनिटांत.

माझं डोकं सटकलं. अरे, ज्या पायरीच्या जिवावर आपण रात्री झोपतो तीच ऐच्छिक? मी लाल पेनचं टोपण काढलं आणि वाचायला बसले. पहिल्याच पानावर सापडलं. गाळणं हीच त्यानं नेहमीची रीत ठेवली होती, आणि तपासणी हवी असली तर खूण करायची. उलटं कर, म्हटलं. गाळायचं असेल त्यानं मागावं, न मागणाऱ्याला तपासणी मिळाली पाहिजे. विनायकनं मान हलवली. पुढं वाचत गेले आणि नवव्या पानावर अडखळले.

वाट चालताना कंपायलर आपलं निरीक्षण एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा. अमुक जागी अमुक व्हॉल्व्ह आधीच बंद आहे, वगैरे. पुढची पायरी ती फाइल वाचायची आणि जो आधीच बंद आहे त्याला परत 'बंद' सांगायची नाही, कारण चिपमध्ये जागा कमी. ठीक. पण वाट चाललोच नाही तर ही फाइल येणार कुठून?

"विनायक, बोल. परवानगी आहे. ही फाइल कुणाची?"

त्यानं कागद ओढून घेतला. वाचला. परत वाचला. मग हळूच म्हणाला, "आधीची, ताई."

"आधीची म्हणजे?"

"म्हणजे... शेवटची जी तपासणी झाली असेल, तिची."

"दुसऱ्या प्लँटची असली तर?"

त्यानं कागद खाली ठेवला. म्हणजे सोमेश्वरनगरकडचा व्हॉल्व्ह बंद आहे या भरवशावर इंदापूरचा उघडा राहिला असता! आणि लगेच मनात काय आलं तेही कबूल करते: सापडलं बरं का लाल पेनला!

तेवढ्यात देशमाने साहेब आले. "सुमनताई, सही करून टाका. कोजागिरी तोंडावर आली. इंदापूरच्या प्लँटला धुण्याचा क्रम बदलून पाहिजे, तितं उभं राहून करावं लागणार. आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हाय ते. हे गेलं तर शटर खाली."

"नाही करत," मी म्हटलं.

साहेबांचा चेहरा पडला. विनायक उठून खिडकीशी गेला. आणि खरं सांगायचं तर मीही अडकले होते. बदल मुळातून चुकीचा नव्हता. 'राम राम'साठी बावीस मिनिटं हा जुलूमच होता. पायरी गाळायची गरज खरी, आणि ती गाळणं धोक्याचं हेही खरं. अशा वेळी 'नाही' म्हणणं सोपं असतं. मग मला आबा आठवले.

आबा म्हणजे माझे वडील; तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, मी त्यांच्याकडंच राहायची. आमचं घर वडगाव निंबाळकरचं, घरात पूर्वी मेंढरं. माझी शाळा संपेपर्यंत होती, मग विकली आणि आबा शेतात रमले. मेंढरं संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडताना तोंडाशी एकेक मोजून घ्यायची ही रोजची रीत. पण एखाद्या दिवशी आभाळ भरून यायचं, नाहीतर दमून पाय उचलायचे नाहीत, आणि मोजणी राहायची. आबा त्यावर कधी चिडायचे नाहीत. खांद्यावरच्या घोंगडीच्या दशीला एक गाठ मारायचे. ती दिसली की सकाळी कुणीही उठलं तरी मोजल्याशिवाय वाघर उघडायचं नाही. मोजणी पुरी झाली की मगच गाठ सुटायची. न मोजता कोंडली हा गुन्हा नव्हता. न मोजता गाठ न मारणं, हा गुन्हा होता. एकदा मी लहानपणी खेळता खेळता ती गाठ सोडली, तेव्हा आयुष्यात एकदाच मी आबांच्या हातचा मार खाल्लाय.

मी साहेबांना हे सगळं सांगितलं. म्हटलं, पायरी ऐच्छिक करू, पण गाळली तर तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. जुनी फाइल पुसायची. पुढच्या पायरीनं कशालाही आधीच बंद मानायचं नाही, सगळे हुकूम पुरते लिहायचे. आणि चिपला गाठ मारायची. 'राम राम'च्या जागी पडद्यावर 'गाठ' उमटली पाहिजे, आणि पुरी तपासणी झालेली चिप बसवल्याशिवाय ती जाता कामा नये.

साहेब उखडलेच. "गिऱ्हाईकाला आपणच सांगायचं व्हय, की आमी तपासलं न्हाय?"

"व्हय," मी म्हटलं.

विनायक खिडकीशी उभ्या उभ्या हसला. माझ्या तोंडून कंपनीत 'व्हय' कधी निघायचं नाही. साहेबांनी दोन्ही हात वर केले आणि खाली गेले. विनायकनं चार दिवस मान मोडून काम केलं. चिपमध्ये सगळे हुकूम पुरते मावावेत म्हणून त्यानं जी कसरत केली ती मला आजही पुरती कळलेली नाही. दुसऱ्यांदा वाचायला बसले तेव्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठंही अडखळले नाही. सही केली. तेव्हा त्याला शाबास म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. त्याची रुखरुख अजून आहे.

इंदापूरचा प्लँट बबनतात्या चालवायचे. पन्नाशीचे, हाताला कायम दुधाचा वास, आणि सांगितलेली गोष्ट दगडावरच्या रेघेसारखी पाळणारे. त्यांना मी स्वतः जाऊन गाठ समजावली होती. पेटीच्या दाराला आतून पुठ्ठा चिकटवला, लाल पेननं लिहिलं: 'गाठ दिसली तर दूध नाही. पाणी फिरवा.' तात्यांनी पुठ्ठा वाचला आणि म्हणाले, "गाठ कशाला म्हंत्यात ते आमाला नगा शिकवू, ताई. आमच्या बी घरात मेंढरं हुती."

कोजागिरीच्या आदल्या दिवशी विनायक इंदापूरला जाऊन आला. धुण्यात आणखी एक फेरी वाढवायची होती. जागेवर बदल केला, वाट चालणं गाळलं, पाणी फिरवून बघितलं, सगळं झकास. ठरलं असं होतं, की परत येऊन पुरी तपासणी करायची आणि गाठ नसलेली चिप सकाळच्या एसटीनं पाठवायची. पण सकाळी बारामतीत लाइट नव्हती. मग आमच्या शहाण्यानं काय करावं? मला न विचारता इंदापूरला फोन लावला. "तात्या, गाठ दिसेल, तिकडं लक्ष देऊ नका. मी सगळं पाहिलंय. दूध सोडा."

अकराच्या सुमाराला लाइट आली आणि पाठोपाठ फोन वाजला. तात्या होते. मागं गलका चाललेला.

"ताई, दुधाचं तीन टँकर उभं हाईत. ऊन मी म्हणतंय. म्यानेजर माज्या अंगावर वरडतोय. कोजागिरीचं दूध हाय, सांच्याला समद्या तालुक्यात पोचाया पायजे. तुमी म्हणला हुता गाठ दिसली तर दूध न्हाय. आन् तुमचा इंजिनेर म्हंतोय, हुंदे. आता म्या कुणाचं ऐकू?"

खोलीत साहेब, विनायक आणि मी. विनायक खुणेनं सांगत होता, हो म्हणा, हो म्हणा. दूध नासलं तर गिऱ्हाईक गेलं, गिऱ्हाईक गेलं तर पत्र्याच्या शेडमधली सगळी माणसं घरी. आणि तपासणीत काहीच निघालं नाही, तर लाल पेननं कंपनी बुडवली असं जन्मभर ऐकायचं. एका शब्दावर आलं होतं सगळं.

"तात्या, पाणीच फिरवा," मी म्हटलं. "पुठ्ठ्यावर लिहिलंय तेच खरं."

"आसं!" तात्या म्हणाले. "आता कुणी का वरडंना." आणि फोन ठेवला.

मी तपासणी सुरू केली. ती बावीस मिनिटं! साहेब येरझारा घालत होते. "काय निघणार हाय त्यात? धुण्याची येक फेरी तर वाढवली." विनायक खुर्चीत बसून पुटपुटत होता, "काही नाही निघणार, ताई. मी पाण्यावर बघितलंय. दोनदा बघितलंय." मी पडद्याकडं बघत बसले. दहा मिनिटं गेली. पंधरा. अठरा. माझंच मला वाटायला लागलं, की बये, हट्टाला पेटलीस आणि सगळ्यांना घेऊन बुडालीस.

एकोणिसाव्या मिनिटाला प्रिंटर करकरला. एकच ओळ.

विनायकनं कागद फाडून घेतला आणि मट्‌कन खाली बसला. धुण्याची दुसरी फेरी चालू असताना लाइट गेली आणि परत आली, तर प्रोग्रॅम थेट दुधाच्या पायरीवर उडी मारत होता. आणि त्या वाटेवर सोड्याच्या व्हॉल्व्हला 'बंद' कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे सोडा दुधात. कोजागिरीच्या दुधात, घरोघरच्या पोराबाळांच्या पेल्यात! विनायकनं पाण्यावर दोनदा बघितलं ते खोटं नव्हतं, पण त्या तासाभरात इंदापूरची लाइट गेली नव्हती. एरवी ती दिवसातून चारदा जायची.

साहेब स्टुलावर टेकले आणि कपाळाचा घाम पुसत राहिले. मग मी ओरडले, "बसलात काय! विनायक, लिही ती ओळ!"

त्यानं ओळ लिहिली. मी मोठ्यानं वाचली. परत बावीस मिनिटं, पण या वेळी कुणाची कुरकुर नाही. प्रिंटर गप्प राहिला. चिप डबीत घातली, डबी पदरात धरली, आणि जीप साहेबांनी स्वतः चालवली. इतकी जोरात, की लोणी देवकरच्या वळणावर विनायक माझ्या मांडीवरच आला.

प्लँटवर बघते तर तात्या पेटीला पाठ लावून उभे, दाराची किल्ली मुठीत. मॅनेजरांचा आवाज बसलेला. पेटीवर धुण्याची दुसरी फेरी चाललेली. आणि तेवढ्यात, खोटं नाही सांगत, लाइट गेली. पाचएक मिनिटांनी आली. विनायकनं दुधाच्या नळीकडं बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. सोड्याचं पाणी दुधाच्या वाटेनं येऊन गटाराच्या जाळीत खळाळत चाललं होतं. दूध सोडलेलं असतं तर त्यातच गेलं असतं. त्यानं मॅनेजरांना हाताला धरून तिथं नेलं आणि दाखवलं. स्वतःची चूक, स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांसमोर. त्या क्षणी मला त्याचा एवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

नळ्या साध्या पाण्यानं धुतल्या, चिप बदलली, पेटी सुरू केली. पडद्यावर उमटलं, 'राम राम'. तात्यांनी पडद्याला हात जोडले, हसत म्हणाले, "राम राम बाबा. आता कसं!" आणि दूध सोडलं. टँकरमधलं दूध अजून गोड होतं. चारला पहिली गाडी पिशव्या घेऊन बाहेर पडली, सहाला शेवटची. मॅनेजरांनी त्या बसक्या आवाजात साहेबांना सांगितलं, दुसरा प्लँट उभा राहतोय, पेटी तुमचीच, पण गाठवाली. साहेब माझ्याकडं बघून असे हसले, की मी दुसरीकडं बघितलं. पुढं प्रत्येक गिऱ्हाईक 'गाठवाली पेटी' मागायला लागलं, आणि आम्ही तपासलं नाही हे आपणच सांगायचं व्हय असं विचारणारे साहेब तीच गोष्ट छापून वाटायला लागले. विनायक नंतर माझ्यापेक्षा कडक तपासनीस झाला. त्याच्यासमोर पोरं कागद नुसते उलटे ठेवायची नाहीत, लपवायची.

तात्यांनी निघताना माझ्या हातात दुधाच्या दोन पिशव्या कोंबल्या. त्या दिवशी सकाळी मी फक्त 'येते' म्हणून निघाले होते. इंदापूरला गेल्याचं घरी कुणाला माहीत नव्हतं, आणि वडगावात तेव्हा आमच्याकडं फोन कुठला? साहेबांनी मला थेट घरी सोडलं तेव्हा दिवे लागले होते आणि चांदोबा वर यायला लागला होता.

आबा ओट्यावर बसले होते, खांद्यावर तीच जुनी घोंगडी. मी शेजारी टेकले आणि सगळं घडाघडा सांगितलं. पायरी, फाइल, तात्या, सोडा. मी म्हटलं, "आबा, तुमच्या गाठीनं आज सगळा तालुका वाचला." त्यांना कंपायलर कळला नाही, हे मला ठाऊक होतं. मग माझं लक्ष घोंगडीकडं गेलं. दशीला गाठ होती. मेंढरं विकून किती वर्षं झाली होती!

"आबा, ही कसली गाठ? मोजायचं काय राहिलंय आता?"

"दिवस कलला तरी तू आली न्हाईस," आबा म्हणाले. "मोजणी अपुरी हुती."

त्यांनी गाठ सोडली, दशी मांडीवर सरळ केली आणि म्हणाले, "आन आता ते दूध. तापव. समदी आली."